काजूच्या बागेत वाकणाऱ्यांसाठी: गोवा विधानसभेच्या चाळीस सदस्यांना खुले पत्र

प्रति,
गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पर्वरी

सन्माननीय सदस्यहो,

सुरुवात तुमच्या सभागृहाचे आभार मानून करते. रेबीजने माणूस कसा जातो हे ज्यांनी एकदा पाहिले आहे, त्यांना गोव्याने गेल्या दहा-बारा वर्षांत काय मिळवले ते कळते. पाण्याचा पेला समोर आला की घशात कळ येते, वाऱ्याच्या झुळकेनेही अंग आखडते. लक्षणे दिसू लागली की मग कुठल्याही इस्पितळाच्या हाती काही उरत नाही. आपल्याकडे अशी माणसे मरत होती. राज्य सरकार आणि मिशन रेबीज ही स्वयंसेवी संस्था यांनी गावोगावचे कुत्रे जाळ्यांनी धरून लस टोचायला सुरुवात केली, शाळांतून मुलांना शिकवले, संशयित कुत्र्याची खबर ताबडतोब पोचेल अशी व्यवस्था उभारली. सत्तर टक्के कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली की रोगाची साखळी तुटते, हे शास्त्र जुनेच आहे. इथे ते नेटाने पाळले गेले आणि २०१८ पासून सलग काही वर्षे गोव्यात एकही माणूस रेबीजने दगावला नाही. त्यासाठी पैसा लागला, आणि त्यातला वाटा या सभागृहानेही उचलला.

जागतिक आरोग्य संघटना वीसेक आजारांची एक यादी ठेवते. दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार असे त्या यादीचे नाव. रेबीज तिच्यात आहे. कुष्ठरोग, हत्तीरोग, काळाआजार, डेंगी, खरूज, पोटातले जंत आहेत आणि २०१७ पासून सर्पदंशही आहे. जगातल्या शंभर कोटींहून अधिक माणसांना यातला कुठला ना कुठला आजार गाठतो, आणि ती जवळजवळ सगळी गरीब माणसे आहेत. आफ्रिकेच्या खेड्यांत आहेत, बिहारच्या मुसहर वस्त्यांत आहेत. आपल्या सत्तरी तालुक्यातही आहेत. मी सत्तरीत आरोग्यसेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले, म्हणून हे पत्र प्रामुख्याने सत्तरीबद्दल आहे, आणि तिथल्या काजूच्या बागांत गोचीड चावून होणाऱ्या, त्या यादीत नसलेल्या पण तितक्याच दुर्लक्षित माकडतापाबद्दल आहे.

रेबीजच्या बाबतीत जे जमले ते बाकीच्या आजारांच्या बाबतीत का जमत नाही, यावर मी बराच विचार केला आहे. मला वाटते ते सरळ सांगते. कुत्रा कुणालाही चावतो. तो कळंगुटच्या किनाऱ्यावर पर्यटकाला चावतो, पणजीत फिरायला निघालेल्या निवृत्त अधिकाऱ्याला चावतो, आमदारांच्या नातवालाही चावू शकतो. काजूच्या बागेतली गोचीड मात्र बोंडू, म्हणजे काजूचे फळ, वेचायला वाकणाऱ्यालाच चावते.

ज्यांच्या मतदारसंघात माकडताप नाही त्यांच्यासाठी थोडे विस्ताराने लिहिते. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे पटापट मरू लागली आणि आसपासच्या खेड्यांतली माणसे तापाने फणफणली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी त्यातून एक नवा विषाणू शोधला. पुढची कित्येक वर्षे तो त्या भागापुरताच राहिला. मग तो पश्चिम घाटाच्या कडेने पसरत गेला. नीलगिरीत दिसला, वायनाडमध्ये दिसला, २०१५ मध्ये आपल्या सत्तरीत पाली गावात आला आणि २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात. पालीतल्या साथीचा संशोधकांनी अभ्यास केला तेव्हा चित्र स्वच्छ होते: आजारी पडलेले लोक काजूच्या बागेत राबणारे होते.

हे असे का, ते बागेत गेल्याशिवाय कळत नाही. काळतोंडे वानर आणि लाल तोंडाचे माकड, दोघांनाही हा विषाणू मारतो. माकड मेले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी गार पडत चाललेले शरीर सोडून खाली पालापाचोळ्यात उतरतात. त्या जागेच्या भोवतीचा टापू मग कित्येक दिवस धोक्याचा राहतो. या गोचिडीची पिल्ले मोहरीच्या दाण्याहून लहान असतात, दिसत नाहीत, चावलेली कळत नाहीत. त्यांचा सुकाळ पाऊस संपल्यानंतर सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत चालतो. काजूचा हंगामही तोच. बायका पहाटे बागेत जातात, कारण ऊन चढले की वेचणे होत नाही. सुक्या पानांत हात घालून बोंडू उचलायचा, बी पिळून वेगळी करायची, बोंडू डब्यात टाकायचा आणि पुढे सरकायचे. पायांत रबरी चपला आणि साडीचा काष्टा. गोचिडीला याहून सोपे सावज कुठले मिळणार?

चावल्यानंतर तीन ते आठ दिवसांनी एकाएकी ताप चढतो. कपाळ फुटेल असे दुखते, कंबर आणि पोटऱ्या पिळवटून निघतात, डोळे लाल होतात, उलट्या होतात. काहींच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येते. काहींचा ताप उतरतो आणि आठ-दहा दिवसांनी परत येतो, या वेळी मेंदूवर परिणाम करून. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात. उरलेले वाचतात, पण अंगात त्राण नसते आणि हा अशक्तपणा आठवड्यांच्या हिशेबाने चालतो. काजूचा हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा. त्यातले पाच-सहा आठवडे गेले म्हणजे त्या घराची वर्षाची तजवीज गेली. अंगात ताप असताना बागेत निघालेल्या बाईला मी थांबवायला जायचे, तेव्हा ती एकच विचारायची: "बाय, आजचो रोज कोण दितलो?" म्हणजे आजची मजुरी कोण देणार? माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. ते तुमच्याकडे असू शकते.

या आजारावर खास औषध नाही. लस होती. कोंबडीच्या गर्भपेशींत विषाणू वाढवून, तो मारून केलेली ही लस अनेक दशके वापरात होती. कर्नाटकातल्या अभ्यासात दोन डोसांनी सुमारे ६२ टक्के आणि पुढचा बूस्टर घेतल्यावर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. पण ते टिकवायला दरवर्षी टोचून घ्यावे लागे, इंजेक्शन दुखे, लोक दुसऱ्या डोसाला येत नसत. नंतर तर लसीची ताकदच कमी भरू लागली आणि २०२२ च्या सुमारास ती थांबवण्यात आली. नव्या लसीवर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने काम चालू आहे. ते लवकर तडीस जावो. पण सदस्यहो, जरा हिशेब मांडून पाहा. कोविडचा विषाणू ओळखला गेल्यापासून वर्षभरात लस दंडात आली. माकडतापाचा विषाणू १९५७ पासून माहीत आहे. मधल्या काळात शास्त्रज्ञ झोपले नव्हते. ही लस घेणारा माणूस ती विकत घेऊ शकत नाही, म्हणून ती बनवण्याची घाई कुणालाच नव्हती. दुर्लक्षित या शब्दामागे एवढाच व्यवहार आहे.

लस येईपर्यंत हातात आहे ते साधे आहे आणि स्वस्त आहे. बागेत शिरण्याआधी हातापायांना गोचीड पळवणारे तेल लावायचे. त्याचा असर काही तासच टिकतो, म्हणून ते रोज हवे आणि भरपूर हवे. पाय झाकणारे कपडे आणि गमबूट. घरी आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे लगेच धुवायचे. मेलेले माकड दिसले की हात न लावता त्याच दिवशी वन खात्याला कळवायचे आणि त्या जागेभोवती कीटकनाशक भुकटी मारायची. हे आरोग्य खात्याला माहीत आहे आणि आमच्या सहकाऱ्यांनी ते वाड्यावाड्यांवर जाऊन केलेही आहे. अडते ते वेळेत. माकडे मेल्यावर, रुग्ण सापडल्यावर जे तेल वाटले जाते, ते जानेवारीच्या आधी घरात असायला हवे. ज्या वर्षी रुग्ण कमी, त्या वर्षी निधी कमी, असे झाले की पुढच्या वर्षी आपण पुन्हा मेलेल्या माकडाची वाट पाहत बसतो.

गमबुटाचे काम इथेच संपत नाही. त्याच पाचोळ्यात फुरसे असते, घोणस असते, आणि सह्याद्रीत आढळणारा हंप-नोज्ड पिट व्हायपर असतो, ज्याच्या विषावर आपले नेहमीचे प्रतिविष चालत नाही. आपले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांसाठीच बनते. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात असा मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे, आणि त्यांतली बहुतेक शेतात आणि रानात राबणारी. केंद्राने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा काढून २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे ठरवले आहे. म्हणजे एकाच बुटाच्या जोडीने दोन दुर्लक्षित आजार दूर राहतात. एवढा स्वस्त उपाय सरकारी योजनांत फारसा सापडत नाही.

आता हे बूट आणि तेल द्यायचे कुणी? माझे मत स्पष्ट आहे. गोवा वन विकास महामंडळाच्या काजू बागांचे पीक दर हंगामाला बोलीने दिले जाते. त्या करारातच अट घाला की बाग घेणाऱ्याने प्रत्येक वेचणाऱ्याला गमबूट आणि तेल द्यावे, आणि ते दिले की नाही हे तपासले जाईल. खासगी बागायतदारांसाठी, विशेषतः छोट्यांसाठी, हे साहित्य पंचायतीमार्फत सरकारने पुरवावे. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानाने सांगितले की हे फक्त गोव्याचे आहे. ज्यांच्या हातांनी बोंडू भट्टीपर्यंत पोचतो, तेही गोव्याचेच आहेत. आणि त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर: तपासणीत माकडताप निश्चित झालेल्या रुग्णाला, किंवा तो गेल्यास त्याच्या घराला, बुडालेल्या रोजाची भरपाई देणारी योजना करा. रुग्णांची संख्या पाहता राज्याच्या अर्थसंकल्पात हा खर्च जाणवणारही नाही.

त्याचा एक फायदा आकड्यांच्याही कामाचा आहे. भरपाई मिळते म्हटल्यावर लोक तपासणीला येतील. आज बरेच जण येत नाहीत. मलेरियाची स्लाईड निगेटिव्ह आली, डेंगीची तपासणी निगेटिव्ह आली, की ताप 'व्हायरल' ठरतो, गोळ्या मिळतात आणि माणूस घरी जातो. जो मोजला गेला नाही त्याच्यासाठी निधी मागता येत नाही.

मोजणे थांबले की काय होते, याचे मोठे उदाहरण कुष्ठरोगाचे आहे. या रोगाशी लढण्याचा गोव्याचा इतिहास जुना आहे. पणजीत १८४२ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेतून शिकलेले गोमंतकीय डॉक्टर मोझांबिक, अंगोलापर्यंत सेवेला गेले. डॉ. फ्रोइलानो द मेलो यांच्या पुढाकाराने १९३० च्या दशकात सासष्टीत माकाझन येथे कुष्ठरुग्णालय उभे राहिले. पुढे १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेऊन माणूस ठणठणीत बरा होऊ लागला. देशातल्या रुग्णांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले आणि २००५ च्या अखेरीस भारताने सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले. लोकांनी त्याचा अर्थ रोग संपला असा घेतला. आजही देशात वर्षाला एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात, जगातल्या एकूण नव्या रुग्णांच्या निम्म्याहून अधिक. कातडीवरचा फिकट किंवा लालसर चट्टा, ज्याला खाज नाही आणि स्पर्श कळत नाही, तो वेळेत ओळखला तर एक बोटही वाकडे होत नाही. पण तो ओळखणारी नजर सरावाने येते. कुष्ठरोगाचे जुने कर्मचारी निवृत्त होत चालले आहेत, आणि नव्या डॉक्टरांपैकी कित्येकांनी रुग्ण पुस्तकातच पाहिला आहे. आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि सेविकांना ही नजर पुन्हा द्या.

हत्तीरोगाचेही तेच. उत्तर आणि दक्षिण गोवा हे दोन्ही जिल्हे राष्ट्रीय कार्यक्रमात होते. वर्षातून एकदा सगळ्यांना गोळ्या वाटायच्या, त्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या, रात्री लोकांना उठवून रक्त घ्यायचे, कारण या रोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात येतात. हे काम आमच्या पिढीने केले. लोक वैतागायचे, पण बोट पुढे करायचे. नंतर शाळेतल्या लहान मुलांची तपासणी झाली, प्रसार थांबल्याचे दिसले आणि गोळ्यांचे वाटप बंद झाले. हे यश खरे आहे. पण ज्यांचे पाय त्याआधीच सुजले, त्यांची सूज गोळ्यांनी उतरत नाही. त्यांना रोज साबणाने पाय धुणे, नीट कोरडे करणे, जखम चिघळू न देणे आणि योग्य पादत्राणे हेच औषध. त्यांच्या घरी आता कोण जाते, हे तुम्ही विचारावे अशी माझी विनंती आहे.

इथे परराज्यांतून आलेल्या मजुरांचा विषय निघतो, आणि तो जपून काढायला हवा. गोव्याच्या बांधकामांवर कर्नाटकच्या कलबुर्गी, यादगीरकडचे लोक आहेत, बिहार, झारखंड, ओडिशाचे आहेत. तिकडच्या अनेक जिल्ह्यांत हत्तीरोग अजून आहे. मलेरियासाठी या मजुरांचे रक्त तपासून आरोग्य कार्ड देण्याची पद्धत आपल्याकडे आहे आणि तिने गोव्याचा मलेरिया खाली आणण्यात मोलाची मदत केली. त्याच वेळी, त्याच बोटातून, दिवसाही चालणाऱ्या तपासणी-पट्टीने हत्तीरोगाचीही तपासणी होऊ शकते आणि त्वचेची पाहणीही. पण ज्याला रोग निघाला त्याला कंत्राटदाराने गावी पिटाळून लावायचे, हे चालणार नाही. त्याला इथेच औषध द्यायचे आणि त्याचे काम टिकवायचे. हत्तीरोग एका डासाच्या एका चाव्याने होत नाही. त्याला महिनोन्महिने, वर्षानुवर्षे शेकडो चावे लागतात. म्हणजे मजूर आल्याने गोव्यात हत्तीरोग पसरेल, हे म्हणणे चुकीचे आहे. तो पसरेल तर मजुरांच्या झोपड्यांमागे वर्षानुवर्षे तुंबून राहणाऱ्या घाण पाण्यामुळे, आणि ते पाणी तुंबवणारे मजूर नसतात.

नारूची आठवण जुन्या लोकांना असेल. पायातून हातभर लांबीचा किडा बाहेर पडायचा तो. १९८६ मध्ये जगात त्याचे सुमारे ३५ लाख रुग्ण होते. गेल्या काही वर्षांत वर्षाला दहा-पंधरा उरले आहेत. औषध नाही, लस नाही, तरीही पाणी गाळून, विहिरी सुधारून आणि एकेका रुग्णाच्या मागे जाऊन तो संपत आणला. भारतात शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त घोषित झाला. २०२५ मध्ये अमेरिकेने आपली परदेशी मदत एकदम तोडली तेव्हा आफ्रिकेतल्या कितीतरी देशांचे या आजारांवरचे कार्यक्रम लटकले. आपले बहुतेक कार्यक्रम परदेशी सरकारांच्या पैशावर उभे नाहीत. आपण ठरवायचे आणि आपणच करायचे, एवढी मोकळीक गरीब रुग्ण असलेल्या जगातल्या फार थोड्या सरकारांना आहे.

म्हणून माझे मागणे सभागृहातल्या कामाचे आहे. तारांकित प्रश्न विचारा. माकडतापाच्या तेलासाठी गेल्या पाच वर्षांत किती निधी मंजूर झाला आणि माल कोणत्या महिन्यात सत्तरीतल्या वाळपईला पोचला? मेलेल्या माकडांच्या किती खबरा आल्या, किती नमुने तपासले, आणि निकाल त्या गावाला किती दिवसांनी कळवला? आरोग्य, वन आणि पशुसंवर्धन या तिन्ही खात्यांचे अधिकारी हंगामाआधी एकत्र बसतात का? बहुउद्देशीय आरोग्य कर्मचाऱ्यांची आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांची किती पदे रिकामी आहेत? नव्या लसीच्या चाचण्यांत आणि पहिल्या पुरवठ्यात गोव्याचे नाव असावे म्हणून केंद्राला पत्र गेले आहे का? उत्तरे पटलावर येऊ द्या. विरोधी पक्षाने विचारावे की सत्ताधाऱ्यांनी, याने मला फरक पडत नाही.

एकच सांगणे, वेळेचे. हा प्रश्न पावसाळी अधिवेशनात आला तर निविदा दिवाळीपर्यंत निघते आणि डिसेंबरात डबे वाड्यांवर पोचतात. अर्थसंकल्पी अधिवेशनापर्यंत थांबलात, तर तोवर अर्धा हंगाम वेचून झालेला असतो. तुमच्यापैकी जो कोणी हा विषय मांडणार असेल, त्याला कुठल्या वाड्यावर किती घरे बागेत जातात, कुठल्या वाटेने जातात आणि किती वाजता निघतात, ही सगळी माहिती मी आणि माझ्या जुन्या सहकारी बसून लिहून द्यायला तयार आहोत.

आपली नम्र,
सत्तरीतील एक निवृत्त आरोग्यसेविका